घोडा आणि तट्टू

माणसाने तट्टू विकून घोडा घेतला, तर गाव त्याच्याकडे पेढे मागते. पण घोडा विकून तट्टू घेतले, तर त्याच्याकडे कोणी काही मागत नाही. घरच्यांना तेवढे बाजूला घेऊन हळूच विचारतात, ‘‘सगळं ठीक आहे ना?’’

हाच प्रश्न गेले वर्षभर आमच्या अण्णांना छळतो आहे. अण्णा म्हणजे माझ्या कॉलेजातल्या मित्राचे वडील. बँकेतून निवृत्त, वय पंच्याहत्तरीच्या पुढे, मुक्काम सदाशिव पेठ. मुलगा इंग्लंडात शेफील्डला इंजिनिअर. चार वर्षांपूर्वी त्याने एक स्पोर्ट्स कार घेतली : पाचशे अश्वशक्तीची, सोळाशे किलोची, आवाजाने शेजाऱ्यांची झोप मोडणारी. अण्णांनी तिचा फोटो मोठा करून दिवाणखान्यात लावला, लोकमान्य आणि गजानन यांच्या बरोबर मधे. ज्या माणसाने एका स्कूटरसाठी वर्षानुवर्षे नंबर लावला, त्याच्या मुलाने पाचशे घोडे दारात बांधावेत, याचा त्याला अभिमान वाटला तर नवल काय?

आणि गेल्या दिवाळीत चिरंजीवांनी ती गाडी देऊन टाकली! तिच्या बदल्यात घेतली एक लहानशी, दोनच माणसांची, उघडझाप टपाची माझदा एमएक्स-५. इंजिन १८४ अश्वशक्तीचे, वजन हजार-अकराशे किलो. वर काही पैसेही परत आले. अण्णांना नेमके हे पैसेच खटकले. त्यांनी मला बोलावून घेतले आणि दार लोटून विचारले, ‘‘तू मास्तर आहेस, तुला माणसं कळतात. खरं सांग, त्याची नोकरी गेली का रे?’’

नोकरी गेली नव्हती. उलट पगार वाढला होता. पण हे अण्णांना पटवायचे कसे? सुदैवाने विद्यापीठाच्या कामानिमित्त माझे दोनदा इंग्लंडला जाणे झाले होते आणि दोन्ही गाड्यांत बसण्याचा योग आला होता. स्वतः मी सायकलच्या पलीकडे काही चालवलेले नाही. पण बाजूला बसणाऱ्याला रस्त्यापेक्षा चालवणाऱ्याचा चेहरा जास्त दिसतो.

शेफील्डहून मँचेस्टरच्या बाजूला जाताना डोंगरात ‘स्नेक पास’ नावाचा एक घाट लागतो. आपल्याला वाटते, सापासारखा वळतो म्हणून ‘स्नेक’. तर ते तसे नाही. डेव्हनशरच्या ड्यूक घराण्याच्या मानचिन्हावर साप आहे, त्यावरून हे नाव आले. पण वळणे आहेत खरी. पहिल्या खेपेला मोठ्या गाडीतून हा घाट चढलो. सिग्नलला ती नुसती सुटली, तरी पाठ आसनात रुतत होती. येणारेजाणारे वळून पाहत होते. घाटात मात्र मित्र गप्प. स्टिअरिंगवरची बोटे पांढरी पडलेली. अर्धा घाट तर आम्ही एका दुधाच्या टँकरमागेच काढला. पाचशे घोडे एका टँकरमागे निमूट चालत होते!

दुसऱ्या खेपेला तोच घाट, तोच माणूस, गाडी मात्र लहान. पाऊस नुकताच उघडला होता. त्याने टप मागे टाकला. आसन इतके खाली, की वाटावे, हात बाहेर काढला तर रस्ता चाचपता येईल. वेग ताशी चाळीस-पंचेचाळीस मैल, म्हणजे पहिल्यापेक्षा काही अधिक नाही. पण हा गृहस्थ बोलत होता, हसत होता, वळण आले की खुशीत येत होता. म्हणाला, ‘‘अरे, त्या गाडीत दुसऱ्या गिअरमध्येच कायदा संपायचा. पुढचे पाच गिअर नुसते सांभाळायचे. चालवणारा मी असलो, तरी तिच्यात मी प्रवासीच होतो.’’

कायदा संपायचा, हे शब्दशः खरे. इंग्लंडात मोठ्या मोटरवेवरसुद्धा ताशी ७० मैलांची मर्यादा आहे, आणि साध्या दुहेरी वाहतुकीच्या रस्त्यावर ६० ची. ज्या ताकदीसाठी आपण पैसे मोजले, ती बाहेर काढली तर दंड, न काढली तर मनाला रुखरुख.

शिवाय ताकदीबरोबर वजन येते. मोठे इंजिन घेतले की ते थंड ठेवायला मोठा रेडिएटर हवा, त्याची ओढ सोसायला भक्कम गिअरबॉक्स हवा, रुंद टायर हवेत, मोठे ब्रेक हवेत, आणि हे सगळे पेलायला दणकट सांगाडा हवा. मग एवढे वजन ओढायचे म्हणून इंजिन आणखी मोठे! मोठे कपाट आणले की ते भरायला सामान येते आणि सामान मावेना म्हणून माळा काढावा लागतो, त्यातलाच हा प्रकार. सरळ रस्त्यावर हे वजन जाणवत नाही. वळणावर जाणवते, कारण जड वस्तूला आपली दिशा सोडायची नसते. तेच ब्रेक लावताना. वेग तोच असला, तरी सोळाशे किलोंना थांबवायला हजार किलोंच्या दीडपटीहून अधिक शक्ती जिरवावी लागते.

शर्यतीच्या जगाने हे पूर्वीच पाहून ठेवले आहे. १९६१ साली मोनॅकोच्या अरुंद गल्ल्यांत शंभर फेऱ्यांची शर्यत झाली. फेरारीच्या तीन गाड्या ताकदीने उघडउघड वरचढ होत्या. स्टर्लिंग मॉसजवळ होती एका खाजगी चमूची, आदल्या वर्षीच्या बनावटीची हलकी लोटस. शर्यत मॉसने जिंकली, तीही ३.६ सेकंदांनी, दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या आल्या त्या तिन्ही फेरारी. पण गोष्ट इथेच थांबवली, तर ती अर्धवट राहील. त्याच वर्षी बेल्जियममध्ये स्पा येथे लांबलचक, वेगवान रस्त्यावर पहिले चारही क्रमांक फेरारीने नेले. म्हणजे ताकद खोटी नव्हे. तुमच्या वाट्याला रस्ता कोणता आला आहे, हा खरा प्रश्न.

माझदावाल्यांनी ही गोष्ट ओळखली. साठीच्या दशकातल्या लोटस एलानसारख्या हलक्या इंग्रजी गाड्या डोळ्यांसमोर ठेवून त्यांनी १९८९ साली ही लहान गाडी बाजारात आणली. पहिलीचे वजन साडेनऊशे किलोंच्या आसपास, इंजिन जेमतेम १६०० सीसीचे. २०१६ मध्ये त्यांनी तिची दहा लाखावी गाडी बनवली. तिच्यामागची कल्पना ते एका जुन्या जपानी शब्दप्रयोगात सांगतात : ‘जिंबा इत्ताइ’, म्हणजे घोडा आणि स्वार यांचा एकच देह.

हा शब्द ऐकल्यावर माझ्यातला मराठीचा मास्तर जागा झाला. तट्टू हा शब्द आज आपण तुच्छतेने वापरतो. ‘भाडोत्री तट्टू’ म्हणतो. पण मराठी स्वाराच्या मांडीखाली होते ते भीमा-नीरेच्या खोऱ्यातले भीमथडी तट्टूच! अंगाने लहान, खाण्याला थोडे, दरीखोऱ्यात न अडखळणारे. १७२८ साली पालखेडला निजामाचा भारी तोफखाना पहिल्या बाजीरावापुढे व्यर्थ गेला, तो काय मोठ्या तोफांमुळे? बाजीराव हलक्या घोडदळानिशी आज इथे तर उद्या तिथे असा फिरत राहिला, निजामाला दमवून पाण्यावाचून कोंडीत धरले आणि मुंगी-शेवगावचा तह करायला लावला.

हे सारे मी अण्णांना मोठ्या उत्साहाने ऐकवले. त्यांनी ते शांतपणे ऐकले. मग म्हणाले, ‘‘बाजीरावाचं सोड. मला एक सांग. हलकं होणं कोणाला परवडतं? ज्याच्यापाशी आधी जड असतं, त्यालाच ना? मी तट्टूच घेतलं असतं आणि तट्टूच ठेवलं असतं, तर त्याला कोणी चपळाई म्हटलं असतं का?’’

या प्रश्नाला माझ्यापाशी पुरते उत्तर नाही. अण्णांच्या पिढीने एकेक जिना चढून घर वर नेले. त्यांना खाली येणारे प्रत्येक पाऊल घसरणेच वाटणार. पण मी एवढे म्हटले, ‘‘अण्णा, तुम्ही जिना चढलात म्हणून तर त्याला मधल्या मजल्यावर हवेशीर खिडकी दिसली की थांबता येतं. तो उतरलेला नाही. त्याला जागा आवडली आहे.’’

अण्णा बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी मोबाइल पुढे केला आणि लहान गाडीचा फोटो मोठा करून दाखवायला सांगितले. चष्मा पुसून तो नीट न्याहाळला.

‘‘मागे सीट नाही हिला?’’

‘‘नाही.’’

‘‘मग आम्ही दोघं गेलो तर?’’

‘‘एकेकाला फिरवून आणेल तो.’’

‘‘हं,’’ अण्णा म्हणाले आणि आतल्या खोलीकडे मान वळवून आवाज दिला, ‘‘अगं ऐकलंस का? शेफील्डला गेलो की पहिला नंबर तुझा. आणि स्वेटर घे बरं, तिला छप्पर नाही!’’