जिवाणू राबतात, चांदी कोणाची?

तापी-गोमाईच्या संगमावरील प्रकाशा येथे १९५४-५५ साली बी. के. थापर यांनी उत्खनन केले, तेव्हा ताम्रपाषाणयुगापासूनच्या वस्त्यांचे थर उघडे झाले. धातू घडवायचा तर भट्टी पेटवली पाहिजे, हा माणसाचा अनुभव तितकाच जुना आहे. गेल्या पाव शतकात प्रयोगशाळांनी त्याला एक अपवाद शोधला : जिवाणूंकडून धातूचे अतिसूक्ष्म कण करून घेणे.

चांदीचा विरघळलेला क्षार जिवाणूंना विषासमान असतो. काही जिवाणू आपल्या विकरांच्या साहाय्याने त्याचे घन चांदीत रूपांतर करून स्वतःचा बचाव करतात. हे कण नॅनोमीटरमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागात, मोजावे लागतात. १९९९ साली स्वीडनमधील संशोधकांनी चांदीच्या खाणीतील जिवाणूत असे स्फटिक दाखवले. पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री, अबसार अहमद व सहकाऱ्यांनी हेच काम बुरशीकडून करून घेतले. केळी-कापसावर मर रोग आणणारी फ्युजेरियम बुरशीही त्यात होती. २००२ साली मद्रासच्या आयआयटीने ताकातल्या जिवाणूंकडून सोन्या-चांदीचे कण मिळवले.

या रीतीत तीव्र रसायने व उष्णता वाचते, हे खरे. परंतु अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने ‘स्वस्त’ हा शब्द तपासूनच घ्यावा. चांदी विकतच आणावी लागते. जिवाणू पोसावे लागतात, कण वेगळे करून शुद्ध करावे लागतात, आणि सगळे कण एकाच मापाचे निघत नाहीत. हा खर्च मांडल्याशिवाय बचतीचा हिशेब पुरा होत नाही.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न मालकीचा. आपल्या पेटंट कायद्यानुसार निसर्गात सापडलेला जीव कोणाची मिळकत होत नाही. पण त्याच्याकडून काम करून घेण्याची नवी रीत होऊ शकते. हे संशोधन मोठ्या अंशी जनतेच्या पैशावर उभे आहे. त्याचे फळ मूठभर कंपन्यांच्या हाती जावे आणि जनतेने तेच पुन्हा चढ्या भावाने विकत घ्यावे, हा कोणता न्याय?

तोट्याची वाटणी मात्र समान होणार नाही. जंतुनाशक म्हणून कापडात व रंगात घातलेली चांदी धुतली जाऊन अखेर नदीत उतरू शकते. मातीतले उपकारक जिवाणू आणि रोगजंतू यांत ती भेद करीत नाही. प्रकाशाच्या बंधाऱ्याशी अडणाऱ्या पाण्यात वरच्या अंगाच्या शहरांचे सांडपाणीही येते. ते पाणी वापरणाऱ्या शेतकऱ्याला कोणी विचारले आहे काय? शेती व अन्नातील नॅनो-उत्पादनांसाठी केंद्राने २०२० साली मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. पण मार्गदर्शन म्हणजे कायदा नव्हे.

म्हणून मागणी साधी आहे. सार्वजनिक पैशातून सिद्ध झालेली रीत ग्रामीण महाविद्यालयांना व सहकारी संस्थांना अल्प शुल्कात खुली असावी. वस्तूत धातूचे कण किती, हे वेष्टनावर छापणे आणि सांडपाण्यात त्यांची तपासणी करणे कायद्याने बंधनकारक असावे. भट्टी विझली म्हणून तिच्या मालकाचा प्रश्न विझत नाही.