आधी निरीक्षण, मग उपाय: विस्तार केंद्रातील बंद पडलेल्या वाय-फायचे निदान

सप्टेंबरमध्ये कापसाचे झाड पात्या, फुले आणि हिरव्या बोंडांनी लगडलेले असते आणि त्याच सुमारास गुलाबी बोंडअळीच्या पतंगांची संख्या वाढू लागते. कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री प्रति सापळा ८ पतंग आढळले, की आर्थिक नुकसानीची पातळी गाठली गेली असे मानून शेतकऱ्यांना सावध केले जाते. क्षेत्रावरील कर्मचारी सकाळी सापळे मोजतो, आकडे वहीत उतरवतो आणि दुपारी केंद्रात येऊन ते संगणकात भरायला बसतो. पडद्याच्या कोपऱ्यात वाय-फायच्या पट्ट्यांऐवजी पृथ्वीगोलाचे चिन्ह दिसते. इंटरनेट नाही. संगणक दुरुस्त करणारा तालुक्याच्या गावाहून सोमवारी येणार असतो. तोवर आकडे वहीत राहतात आणि सल्ला तयारच होत नाही.

अळीला सोमवारची वाट पाहावी लागत नाही. अंड्यातून बाहेर पडल्यावर ती लवकरच पातीत, फुलात किंवा बोंडात शिरते आणि एकदा आत गेली, की फवारणीच्या आवाक्याबाहेर जाते. म्हणून विस्तार केंद्रातील जोडणी तुटलेला संगणक ही केवळ कार्यालयीन गैरसोय मानता येत नाही. पीक संरक्षणाच्या साखळीतील ती एक तुटलेली कडी असते.

या साखळीचे मोल महाराष्ट्राने मोठी किंमत देऊन ओळखले आहे. २००८ च्या खरिपात विदर्भ आणि मराठवाड्यात सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांचा उद्रेक झाला. त्या अनुभवातून २००९-१० पासून ‘क्रॉपसॅप’ हा कीड-रोग सर्वेक्षण व सल्ला प्रकल्प उभा राहिला. शेतातील नोंद संगणकावर जाते, तज्ज्ञ तिचे विश्लेषण करतात आणि सल्ला शेतकऱ्यापर्यंत पोहोचतो, ही त्याची मूळ रीत. पुढे १५ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्र शासनाने राष्ट्रीय कीड सर्वेक्षण प्रणाली सुरू केली. या व्यवस्थांमध्ये नोंद वेळेवर पोहोचणे हे नोंद अचूक असण्याइतकेच महत्त्वाचे आहे.

कॅलेंडर पाहून फवारणी

विस्तार कार्यकर्ते शेतकऱ्याला वर्षानुवर्षे एकच गोष्ट सांगत आले आहेत: कॅलेंडर पाहून फवारू नका, आधी शेतात फिरा, कीड ओळखा, पातळी पाहा आणि मगच उपाय निवडा. पण कार्यालयातील वाय-फाय बंद पडले, की हीच मंडळी हा नियम विसरतात. राउटर बंद-चालू केला जातो, संगणक दोनदा सुरू केला जातो, कोणी सेटिंग्जमध्ये जाऊन चार गोष्टी बदलतो, कोणी नवा अॅडॅप्टर मागवतो आणि शेवटी ‘फॉरमॅट मारून टाका’ असा निकाल लागतो. एकदा राउटर बंद-चालू करून पाहण्यात गैर काही नाही. दोष कुठे आहे हे कोणीच पाहिलेले नसते, ही खरी अडचण.

फॉरमॅट हे या क्षेत्रातील व्यापक परिणामाचे कीटकनाशक आहे. किडीबरोबर मित्रकीटकही मरावेत, तशा त्यात डेस्कटॉपवर ठेवलेल्या मागील हंगामांच्या नोंदी, छायाचित्रे आणि फॉन्ट नाहीसे होऊ शकतात. आणि दोष राउटरमध्ये असेल, तर एवढे करूनही जोडणी परत येत नाही.

निदानाची पद्धत कीटकशास्त्राच्या विद्यार्थ्याला नवी नाही. प्रादुर्भाव सगळ्या शेतावर आहे की एकाच झाडावर, हा पहिला प्रश्न. इथेही तोच विचारावा: केंद्रातील मोबाइल त्याच वाय-फायवर चालतो का? ही चाचणी घेताना मोबाइलचा डेटा बंद करणे अत्यावश्यक आहे. तो चालू राहिला, तर फोन गुपचूप मोबाइल नेटवर्कवरून पाने उघडतो आणि ‘वाय-फाय ठीक आहे’ असा खोटा निष्कर्ष निघतो.

मोबाइलवरही इंटरनेट येत नसेल, तर संगणकाला हात लावण्याचे कारण उरत नाही. राउटरचे दिवे पाहावेत. फायबर जोडणीच्या यंत्रावर ‘एलओएस’ असा दिवा असतो. तो लाल झाला असेल, तर प्रकाशाचा संकेत यंत्रापर्यंत येत नाही. वायर कुठे तरी तुटली, निखळली किंवा फार वाकली आहे. हे काम सेवा पुरवठादाराचे आहे आणि ‘नेट चालत नाही’ असे सांगण्याऐवजी ‘एलओएसचा दिवा लाल आहे’ असे सांगितले, तर तक्रार योग्य माणसाकडे लवकर पोहोचते.

दोष संगणकातच असेल तर

मोबाइल चालतो आणि संगणक चालत नाही, तेव्हा शोध एका यंत्रापुरता उरतो. तिथे चार अवस्था वेगळ्या करता येतात आणि प्रत्येक अवस्थेचा उपाय वेगळा आहे.

पहिली अवस्था म्हणजे वाय-फायचा पर्यायच न दिसणे. लॅपटॉपमध्ये वायरलेस यंत्रणा असतेच. डेस्कटॉपमध्ये ती असेलच असे नाही. अनेक डेस्कटॉपना त्यासाठी मदरबोर्डवरील कार्ड किंवा यूएसबी अॅडॅप्टर लागतो. म्हणून आधी तो आहे का, नीट बसला आहे का आणि ‘एअरप्लेन मोड’ चालू राहिला आहे का, हे पाहावे. त्यानंतर डिव्हाइस मॅनेजरमधील नेटवर्क अॅडॅप्टरची यादी उघडावी. तिथे वायरलेस अॅडॅप्टरच्या नावावर पिवळा त्रिकोण असेल, तर बहुधा ड्रायव्हरचा दोष असतो. नावच नसेल, तर अॅडॅप्टर सैल झाला आहे, बिघडला आहे किंवा संगणकाला तो ओळखताच आलेला नाही. अॅडॅप्टर दुसऱ्या पोर्टमध्ये लावून पाहणे ही सर्वांत स्वस्त चाचणी.

दुसरी अवस्था म्हणजे पर्याय दिसतो, पण केंद्राचे नेटवर्क दिसत नाही किंवा क्षीण दिसते. इथे जागेचा विचार करावा. सीपीयूची पेटी टेबलाखाली, पाठ भिंतीकडे आणि शेजारी लोखंडी कपाट, अशी मांडणी बहुतेक कार्यालयांत असते. अॅडॅप्टर किंवा अँटेना पाठीमागे असल्याने लहरींच्या वाटेत धातूचा आडोसा येतो. अँटेना खोक्यातच राहून गेल्याचेही आढळते. यूएसबी अॅडॅप्टर एक-दीड मीटरच्या जोडवायरीने टेबलावर आणला, तरी फरक पडतो. यूएसबी ३.० पोर्टमध्ये चालू असलेल्या हार्ड डिस्कमुळे २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींत अडथळा येऊ शकतो. अशा वेळी दोन्ही साधने एकमेकांपासून दूर ठेवावीत. राउटर फक्त ५ गिगाहर्ट्झवर चालत असेल, तर जुन्या अॅडॅप्टरला ते नेटवर्क दिसणारच नाही, राउटरवरील २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा सुरू करावा लागेल.

तिसरी अवस्था म्हणजे नेटवर्क दिसते, पण जोडणी होत नाही. पासवर्ड बदलला गेला असेल, तर जुने नेटवर्क ‘फर्गेट’ करून पुन्हा जोडावे. मराठीतून काम करणाऱ्या कार्यालयांत आणखी एक साधे कारण असते: कळफलक देवनागरीवर राहून गेलेला असतो. पासवर्डच्या जागी फक्त ठिपके उमटतात, त्यामुळे चूक नजरेस पडत नाही. कळफलक इंग्रजीवर आणून आणि डोळ्याचे चिन्ह दाबून लिहिलेला पासवर्ड वाचून पाहिला, की शंका मिटते.

चौथी अवस्था सर्वांत फसवी. जोडणी झालेली दिसते, पण पाने उघडत नाहीत. नेटवर्कच्या तपशिलात आयपी पत्ता १६९.२५४ या आकड्यांनी सुरू होत असेल, तर राउटरने संगणकाला पत्ताच दिलेला नाही. पूर्वी दुसऱ्या कार्यालयात हाताने भरलेला पत्ता किंवा प्रॉक्सी तशीच राहिली असेल, तरी हाच अनुभव येतो. दोन्ही जागी ‘आपोआप’ हा पर्याय निवडावा. तारीखही पाहावी. मदरबोर्डवर नाण्याच्या आकाराचा सेल असतो, बहुधा सीआर २०३२ क्रमांकाचा. तो संपला, की वीज गेल्यावर संगणकाची तारीख काही वर्षे मागे जाते आणि सुरक्षित संकेतस्थळे त्याला बनावट वाटू लागतात. तारीख हाताने दुरुस्त करून आणि सेल बदलून सुटणाऱ्या या दोषासाठी पूर्ण संगणक फॉरमॅट होणे हे निदानाअभावी होणाऱ्या अपव्ययाचे ठळक उदाहरण ठरेल.

या सगळ्यात शेतावरील प्रयोगांचा एक नियम पाळावा: एका वेळी एकच बदल. राउटर, ड्रायव्हर आणि पासवर्ड एकाच वेळी बदलून जोडणी आली, तर कशामुळे आली हे कळत नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा अंधारातच चाचपडावे लागते. नियंत्रण प्लॉट नसलेल्या प्रयोगावर कोणी निष्कर्ष काढत नाही. इथेही काढू नये.

दोन आक्षेप

कीटकशास्त्रज्ञाने किंवा विस्तार कार्यकर्त्याने संगणक का दुरुस्त करावा, असा आक्षेप येतो आणि तो गैर नाही. कृषी विज्ञान केंद्राच्या रचनेत संगणकासाठी कार्यक्रम सहायकाचे पद असते. पण ते पद रिक्त असते किंवा ती व्यक्ती रजेवर असते, तेव्हाही किडी येतच असतात. शिवाय अपेक्षा दुरुस्तीची नाही, निदानाची आहे. शेतकऱ्याने कीटकशास्त्रज्ञ व्हावे असे कोणी म्हणत नाही. त्याने सापळ्यातील पतंग मोजावेत आणि पातळी ओळखावी एवढेच म्हटले जाते. तेवढीच अपेक्षा केंद्राने स्वतःकडूनही ठेवायला हवी.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. आता नोंदी मोबाइलवरूनच भरता येतात. मग डेस्कटॉपचा आग्रह कशाला? मोबाइलने सर्वेक्षण सोपे केले, हे खरेच. तरीही अनेक गावांच्या नोंदी एकत्र ठेवून तुलना करणे, सल्ल्याचा मजकूर तपासणे, अहवाल आणि घडीपत्रिका तयार करणे ही कामे मोठ्या पडद्यावरच नीट होतात. मोबाइलचा खरा उपयोग आणीबाणीत आहे. यूएसबी वायरीने फोन डेस्कटॉपला जोडून ‘यूएसबी टेथरिंग’ सुरू केले, तर वायरलेस अॅडॅप्टर नसतानाही बहुतेक संगणकांवर इंटरनेट येते. त्या दिवसाचा सल्ला जातो आणि हरवलेला ड्रायव्हरही उतरवून घेता येतो. मूळ दोष मात्र तसाच राहतो, हे विसरू नये.

प्रतिबंधाचा मार्ग

एकात्मिक कीड व्यवस्थापनात प्रतिबंधाला पहिले स्थान आहे. इथेही तेच योग्य. डेस्कटॉप जागा बदलत नाही; मग त्याला वायरलेस जोडणीवर अवलंबून का ठेवावे? साधी इथरनेट केबल १०० मीटरपर्यंत चालते आणि बहुतेक केंद्रांत राउटर ते संगणक हे अंतर त्याहून कितीतरी कमी असते. ज्या संगणकावरून सल्ले निघतात, त्या एका संगणकाला तरी केबलने जोडावे आणि वाय-फाय फिरत्या साधनांसाठी ठेवावे. पावसाळ्यात विजा कडाडत असताना राउटरचा प्लग काढून ठेवण्याची सवयही याच प्रतिबंधात मोडते.

यासोबत दोन लहान गोष्टी प्रत्येक केंद्राने कराव्यात. वरील चार अवस्थांचा एक पानी तक्ता संगणकाशेजारच्या भिंतीवर लावावा. आणि एक वही ठेवावी, जिच्यात बिघाडाची तारीख, दिसलेले लक्षण, केलेला एक बदल आणि त्याचा परिणाम लिहिला जाईल. दोन हंगामांच्या नोंदी झाल्या, की त्या केंद्राचा नेहमीचा दोष कोणता हे आपोआप समोर येईल आणि नव्या यंत्राची मागणी करावी लागली, तर तिला पुरावाही असेल.

शेतकरी बांधव आपल्या पिकाचे निरीक्षण करून, सापळे मोजून त्यांचा आकडा विश्वासाने केंद्राच्या हाती देतात. तो आकडा वहीत अडकून राहू नये, ही जबाबदारी केंद्राची आहे. येत्या खरिपाच्या तयारीत बियाणे, सापळे आणि ल्यूर यांच्या यादीखाली एक केबल, एक सेल आणि एक तक्ता एवढी भर घालणे कोणत्याही केंद्राला अवघड नाही.