सगळ्यात भारी कोण?

नाक्यावर परत तोच वाद, गावसकर भारी की सचिन? आकडे सगळ्यांना तोंडपाठ. गावसकर १२५ कसोटी, १०,१२२ धावा. सचिन २०० कसोटी, १५,९२१ धावा. म्हणजे सचिन पुढे? थांबा. १९७१ ला वेस्ट इंडिजमध्ये पहिल्याच मालिकेत गावसकरने ७७४ धावा काढल्या, तेव्हा डोक्यावर हेल्मेट नव्हतं!

आता तिसरं नाव घेतो. बाळू पालवणकर. कसोटी विकेट? शून्य.

दलित घरातला हा डावखुरा फिरकीपटू पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात महिना ४ रुपयांवर मैदानाची कामं करायचा, नेटमध्ये साहेबांना बॉल टाकायचा. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने ११४ विकेट काढल्या. त्याच्या बॉलवर सामने जिंकायचे, चहा मात्र बाहेर, वेगळ्या भांड्यात. हिंदू संघाचं कर्णधारपद शेवटपर्यंत दिलं नाही. आणि भारत पहिली कसोटी खेळला १९३२ ला, तोवर बाळूचं वय उलटून गेलेलं.

म्हणून माझं मत, खेळाडू मोजायचा तर त्याच्या काळातल्या बाकीच्यांशी मोजा. नुसता आकडा घेतलात तर संधीच मोजली जाते.

आपल्याकडे भातकापणी झाली की शेताशेतात टेनिस बॉलच्या स्पर्धा. चषक, मंडप, बॅनर, सगळं जोरात. पण तळ्यातल्या पोराला लेदर बॉलवर रोज सराव करायचा तर कुठे जायचं? चषक देणाऱ्या पुढाऱ्यांनो, यंदा एक कायमची खेळपट्टी द्या. नाहीतर आपल्या पोरांच्या नावापुढेही शून्यच राहणार.

पटलं तर शेअर करा.