वाचनयंत्र कोणतें घ्यावें?

सुटीचे दिवस जवळ आले कीं आमच्या परिचयांतील सुशिक्षित कुटुंबांत अलीकडे एक प्रश्न हटकून निघतो: प्रवासांत वाचण्यासाठीं ई-रीडर घ्यावयाचा आहे, तर कोणता घ्यावा? प्रश्न क्षुल्लक दिसतो, आणि त्याचीं उत्तरेंहि बहुधा क्षुल्लकच मिळतात. पडदा सहा इंची कीं सात इंची, बॅटरी किती आठवडे टिकते, पाण्यांत पडला तर चालतो कीं नाहीं, एवढी चौकशी झाली म्हणजे घेणाऱ्याचें समाधान होतें व विकणाऱ्याचेंहि होतें. या यंत्रावर मराठी पुस्तक वाचतां येईल काय, आणि वाचतां आलें तरी तें आपलें राहील काय, हे दोन प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाहीं. आमचें म्हणणें असें कीं, मराठी कुटुंबाच्या दृष्टीनें हेच दोन प्रश्न मुख्य होत. बाकीचे सारे दुय्यम.

यंत्राविरुद्ध आमची तक्रार नाहीं, हें आरंभींच सांगून टाकतों. आम्ही राहतों त्या धायरीचेंच उदाहरण घ्या. धारेश्वराचें हें जुनें गांव २०१७ सालीं पुणें महानगरपालिकेच्या हद्दींत आलें. पेठांतील वाडे सोडून जीं मध्यमवर्गीय कुटुंबें सिंहगड रस्त्याच्या बाजूनें येथवर येऊन स्थायिक झालीं, त्यांच्या दोन-तीन खोल्यांच्या फ्लॅटांत पुस्तकांच्या कपाटास भिंत उरत नाहीं. अप्पा बळवंत चौक सहज पायीं जाण्याच्या टप्प्यांत नाहीं. सकाळच्या गर्दींत स्वारगेट गांठावयाचें तर बसमध्यें बराच काळ जातो. म्हणजे धायरीकराचा प्रवास केवळ सुटींतला नसून रोजचा आहे. अशा माणसाच्या हातीं सुमारें १६० ग्रॅम वजनाचें, शेंकडों पुस्तकें सांठविणारें साधन आलें, तर त्याला नांवें ठेवण्याचें कारण काय?

या साधनाचा पडदा फोनच्या पडद्याहून जातीनेंच निराळा. त्यांतील अतिसूक्ष्म कुप्यांत काळे व पांढरे कण असतात. विजेच्या भारानें त्यांपैकीं एका रंगाचे कण वर येतात आणि अक्षर उमटतें. एकदां उमटलेलें अक्षर राखण्यास वीज लागत नाहीं, ती पान बदलतांना लागते. भर उन्हांत खिडकीशीं बसलें तरी अक्षर कागदावरल्यासारखें स्पष्ट दिसतें. ‘फोन आहेच कीं’ असें म्हणणाऱ्यांना आमचें एवढेंच सांगणें आहे कीं, ज्या पडद्यावर घडोघडीं कोणीतरी हांक मारतें, त्यावर कादंबरी वाचणें म्हणजे मंडईंत बसून संध्या करण्यासारखें आहे. उलट कागदाच्या वासाची थोरवी गाणाऱ्यांनीं एक गोष्ट आठवावी: गणपत कृष्णाजींनीं १८३१ सालीं मुंबईस पंचांग छापलें, त्या काळीं छापील ग्रंथ सोवळ्यांत चालत नाहीं असें म्हणणारेहि लोक होतेच.

तेव्हां वाद यंत्र घ्यावें कीं न घ्यावें हा नाहीं. त्यांत मराठी कितपत शिरते हा आहे. ई-रीडर म्हणजे किंडल, असें समीकरण आपल्याकडे होऊन बसलें आहे. अमेरिकेंत किंडल निघालें २००७ सालीं. त्याच्या दुकानांत मराठी पुस्तकांस रीतसर जागा मिळाली ती २०१६ च्या डिसेंबरांत. ती जागा केवढी आहे हें पाहावयाचें असेल तर वाचकानें आपल्या आवडत्या दहा मराठी पुस्तकांचीं नांवें कागदावर लिहून तेथें शोध करून पाहावा. दुसरीकडे बुकगंगा ही पुण्याचीच, आणि मराठी ई-पुस्तकांचा तिच्यापाशीं मोठा संग्रह. परंतु तीं पुस्तकें तिच्याच ॲपमधून उघडावीं लागतात, म्हणून फोनवर वाचतां येतात, किंडलवर नाहीं. ई साहित्य प्रतिष्ठान पुस्तकें मोफत देतें. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृति मंडळानेंहि आपलीं अनेक पुस्तकें संकेतस्थळावर मोफत ठेविलीं आहेत. हे उपक्रम स्तुत्य आहेत यांत शंका नाहीं. पण त्यांतील पुस्तकें बहुतांशीं पीडीएफ स्वरूपाचीं. पीडीएफ म्हणजे छापील पानाचें ठरीव चित्र. सहा इंची पडद्यावर त्याचीं अक्षरें मुंगीएवढीं होतात, आणि मोठीं करावीं तर प्रत्येक ओळीसाठीं पान डावीउजवीकडे सरकवीत बसावें लागतें. मोतीबिंदूनें दृष्टि मंदावलेल्या आजीला अक्षर हवें तेवढें मोठें करून मिळावें, हा या यंत्राचा सर्वांत मोठा उपकार. नेमका तोच मराठीपुरता नाहींसा होतो.

असें कां व्हावें? देवनागरीस युनिकोडमध्यें स्थान १९९१ सालींच मिळालें. परंतु आमचे प्रकाशक त्यानंतरहि कित्येक वर्षें ज्या फॉन्टांत पुस्तकें जुळवीत आले, त्यांची सांकेतिक रचना ज्याची त्याची स्वतंत्र; मजकूर बाहेर काढावा तर ‘क’च्या ठिकाणीं भलतेंच रोमन चिन्ह उभें राहतें. हें रूपांतर कष्टाचें आहे, अशक्य नाहीं. भारतीय लिपि संगणकावर आणण्याचें मोठें काम ज्या सी-डॅकनें केलें ती संस्था पुण्याची. त्याच पुण्यांत ‘तांत्रिक अडचण आहे’ म्हणून कोणीं हात झटकावे, हें आम्हांस पटत नाहीं.

आतां दुसरा प्रश्न: विकत घेतलेलें पुस्तक कोणाचें? २००९ च्या जुलैंत ॲमेझॉननें जॉर्ज ऑर्वेलचीं दोन पुस्तकें, तीं विकणाऱ्यास हक्क नव्हता या कारणानें, ग्राहकांच्या किंडलवरून परस्पर काढून घेतलीं. पैसे परत मिळाले, पुस्तक गेलें. २०१९ सालीं मायक्रोसॉफ्टनें आपलें ई-पुस्तकांचें दुकान मोडलें, तेव्हां तेथून घेतलेलीं पुस्तकेंहि पैसे परत करून बंद करण्यांत आलीं. २०२५ च्या फेब्रुवारींत ॲमेझॉननें, खरेदी केलेल्या पुस्तकाची प्रत संगणकावर उतरवून ती तारेनें किंडलमध्यें घालण्याची सोय काढून टाकली. अर्थ उघड आहे: ज्याला आपण खरेदी म्हणतों तो केवळ वाचण्याचा परवाना. वडिलांचें पुस्तक मुलाकडे येतें, शेजारीण मागून नेते आणि कधीं कधीं परतहि देते. कुलूपबंद फाइलीस हें भाग्य नाहीं.

प्रकाशक म्हणतील, कुलूप नसेल तर चोरी होईल. ही भीति खोटी नाहीं. मराठी लेखकाच्या पदरांत आधींच थोडें पडतें, तेंहि बुडावें असें कोणता सज्जन म्हणेल? परंतु आज चोरी कशाची होते तें पाहा. छापील पुस्तकाचीं पानें कॅमेऱ्यानें टिपून त्यांच्या पीडीएफ व्हॉट्सॲप-टेलिग्रामवर फिरत असतात. चोराला कुलुपाची अडचण नाहीं. तो भिंत फोडून येतो. अडचण होते ती पैसे देऊं इच्छिणाऱ्या गृहस्थाची. कुलूप न घालतां प्रत्येक प्रतीवर ग्राहकाची खूण उमटवून विकण्याची रीत आहे. हॅरी पॉटरचीं ई-पुस्तकें २०१२ सालीं अशाच रीतीनें बाजारांत आलीं. जगांतील इतक्या खपाच्या पुस्तकांना जें परवडलें, तें आमच्या हजार प्रतींच्या आवृत्तीस परवडूं नये काय?

आमच्या काळजीचें मूळ मात्र पैशांत नाहीं. १९३० सालापासून पुण्या-मुंबईची ये-जा करणाऱ्या डेक्कन क्वीनमध्यें ई-रीडर घेऊन बसलेला तरुण इंग्रजी कादंबरी वाचतो, तो मराठीच्या द्वेषानें नव्हे. इंग्रजी पुस्तक त्याला बोटाच्या एका स्पर्शानें मिळतें. मराठीसाठीं चार दारें ठोठवावीं लागतात. वाट सोपी असेल तिकडे संवय वळते. दहा वर्षें असें चाललें म्हणजे तो मराठी वाचणें विसरतो असें नाहीं. मराठी वाचावें असें त्याला सुचतच नाहीं. आणि जें बापाला सुचत नाहीं तें मुलाच्या हातीं कोठून येणार?

म्हणून घेणाऱ्यांस आमचें सांगणें असें. पडदा व बॅटरी यांची चौकशी मागाहून करा. आधीं त्या यंत्रावर मराठी मजकूर उघडून ‘कऱ्हाड’, ‘उद्ध्वस्त’, ‘ज्ञानेश्वरी’ हे शब्द जोडाक्षरांसह नीट उमटतात कीं नाहीं तें पाहा. मग बाहेरून आणलेली ईपब फाइल तें यंत्र घेतें काय तें विचारा. कोबो व पॉकेटबुक हीं यंत्रें ती सरळ उघडतात; किंडलकडे २०२२ पासून ती ‘सेंड टू किंडल’ या सोयीमार्फत धाडतां येते; बूक्ससारख्या अँड्रॉइडवर चालणाऱ्या यंत्रांत निरनिराळ्या दुकानांचीं ॲपहि घालतां येतात. आमचा कौल विचाराल तर, एका दुकानाच्या दावणीला बांधलेल्या यंत्रापेक्षां चार दारें उघडीं असलेलें यंत्र, थोडें महाग पडलें तरी, मराठी घरास हितावह. आपल्याकडे लेखनहक्काची मुदत लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांची असल्यामुळें, १९१९ सालीं वारलेल्या हरि नारायण आपट्यांचें वाङ्मय केव्हांच सर्वांचें झालें आहे. असें हक्कमुक्त जुनें वाङ्मय मराठी विकिस्रोतावर मजकुराच्या रूपांत जमा होत आहे, व तेथून ईपब उतरवून घेतां येतें. यंत्रांत पहिली भर तेथूनच घालावी.

आणि प्रकाशकांस व संपादकांस आमची मागणी स्पष्ट आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं केंद्र सरकारनें मराठीस अभिजात दर्जा दिला, तेव्हां पेढे वाटण्यांत आपण सारेच पुढें होतों. त्यानें भाषेचा मान वाढला. वाचक आपोआप वाढत नाहीं. तो वाढवावयाचा तर आरंभ दिवाळी अंकापासून करा. १९०९ सालीं ‘मनोरंजन’ मासिकानें ही चाल पाडली. पण सुटींत कोंकणांत जाणारें कुटुंब आज चार जाडजूड अंक पिशवींत घालीत नाहीं, ते घरींच राहतात. छापील अंकाबरोबर युनिकोड मजकुराची, कुलूप नसलेली, अक्षर मोठें करतां येणारी प्रत वाजवी किंमत घेऊन द्या. वाचक पैसे देणार नाहींत असें ज्यांस वाटतें, त्यांनीं एक वर्ष देऊन पाहावें आणि मग बोलावें.