अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर कुठे?

बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाला विशेष शाळेत प्रवेश मिळाला की आईवडिलांचा जीव भांड्यात पडतो, पण तो काही वर्षांपुरताच. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सहा ते अठरा या वयात मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. त्यापुढची वाट बहुतेक कुटुंबांना स्वतःच शोधावी लागते. एक वाट संस्थेच्या संरक्षित कार्यशाळेकडे जाते, दुसरी दुकान, हॉटेल, कारखाना अशा खुल्या नोकरीकडे. घरी बसून राहण्याची तिसरी वाट कोणी निवडत नाही, तरी ती अनेकांच्या वाट्याला येते.

कार्यशाळेच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. मुंबईतील जय वकील, पुण्यातील कामायनी, नाशिकमधील प्रबोधिनी अशा संस्थांनी शाळेनंतरच्या कामाचा विचार सरकारच्या कितीतरी आधी केला. दिवाळीच्या तोंडावर एखाद्या कार्यशाळेत उटण्याच्या पुड्या भरणे चालू असते तेव्हा जाऊन पाहावे. वजनकाट्यावर काटा जिथे थांबायला हवा तिथे लाल खूण केलेली असते. ज्याला मोजता येत नाही त्याच्यासमोर दहा गोल काढलेला पुठ्ठा असतो. प्रत्येक गोलावर एक पुडी आली की खोके भरले. काम माणसाच्या मापाने बेतण्याची ही कला बाजारात सहसा कुणाला येत नाही. शिवाय इथे कोणी हसत नाही, हाकलत नाही, आणि ‘आमच्या पश्चात याचे काय?’ या पालकांच्या प्रश्नाला निदान अर्धे उत्तर मिळते.

मात्र याच कार्यशाळेत प्रशिक्षणार्थी म्हणून आलेला तरुण केस पिकेपर्यंत प्रशिक्षणार्थीच राहू शकतो. हाती पडते ते विद्यावेतन. त्याला पगार म्हणणे कठीण. १९४८ च्या किमान वेतन कायद्यातच दिव्यांग कामगारांना त्या वेतनातून वगळण्याची मुभा सरकारला होती. दिव्यांग हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार भारताने २००७ मध्ये मान्य केला. त्यावर देखरेख करणाऱ्या समितीने २०२२ मध्ये अशी वेगळी ठेवलेली कामाची ठिकाणे टप्प्याटप्प्याने बंद करण्याची भूमिका घेतली. ही टीका कठोर आहे, पण अन्याय्य नाही.

खुल्या नोकरीत किमान वेतन मिळते, सहकारी मिळतात, महिनाअखेरीस घरात पैसे देण्याचा मानही मिळतो. दुसरीकडे, तिथले दार कायद्याने किलकिलेच केले आहे. सरकारी नोकऱ्यांतील ४ टक्के आरक्षणापैकी शेवटचा १ टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता या सगळ्यांत मिळून आहे. भरतीला दहावी-बारावीची अट असली की बौद्धिक अक्षमता असलेला उमेदवार बहुधा अर्जालाही पात्र ठरत नाही. खासगी क्षेत्रात ५ टक्के दिव्यांग असावेत म्हणून सरकारने सवलती द्याव्यात, असे कायदा सांगतो. सक्ती कोणावरच नाही.

पालकांची धास्तीही खरी आहे. ‘जरा आवरून घे’ या वाक्यात नेमके काय आवरायचे हे सुपरवायझर सांगत नाही. बसचा मार्ग बदलला की पाठ झालेला प्रवास कोलमडतो. मुलगी असेल तर ती घरी परतेपर्यंत आईचे लक्ष दाराकडे. संजय गांधी निराधार योजनेला उत्पन्नाची अट आहे. पगार सुरू झाला आणि अनुदान गेले, मग नोकरीही सुटली, तर काय? तीन महिने शिकवायला माणूस गुंतवणे परवडत नाही, हे छोट्या दुकानदाराचे म्हणणेही आडमुठेपणाचे नाही.

तरीही आमचा कल खुल्या कामाकडे आहे. कार्यशाळांना टाळे लावावे असे मात्र आम्ही म्हणणार नाही. अमेरिकेतील व्हर्मॉंट राज्याने या शतकाच्या सुरुवातीला त्या बंद केल्या, पण आधी जवळपास वीस वर्षे खुल्या नोकरीत सोबत करणारी यंत्रणा उभारली होती. ती नसताना कार्यशाळा बंद करणे म्हणजे मुलांना घरी पाठवणे.

बदलायला हवा तो क्रम. ‘आधी तयारी, मग नोकरी’ हे सूत्र सुरक्षित वाटते. पण एका ठिकाणी शिकलेले काम दुसरीकडे लागू करणे हीच बौद्धिक अक्षमतेतील मोठी अडचण आहे. कार्यशाळेत कप विसळायला शिकलेला मुलगा कॅन्टीनमध्ये गेला की नळ वेगळा, टोपली वेगळी, गोंगाट वेगळा. शिकणे पुन्हा पहिल्यापासून. म्हणून शाळेत असतानाच, पंधराव्या-सोळाव्या वर्षी, आठवड्यातले काही तास खऱ्या दुकानात, प्रशिक्षक शेजारी उभा राहून, काम शिकवणे अधिक शहाणपणाचे वाटते.

यावर मुख्याध्यापक विचारतील, शिक्षक बाहेर गेला तर वर्गातल्या बाकीच्या मुलांकडे कोणी पाहायचे? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर पैशात द्यावे लागेल. राज्याने २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग केला. या विभागाने अनुदानित विशेष शाळांमध्ये जॉब कोचचे, म्हणजे कामाच्या जागी शिकवणाऱ्या प्रशिक्षकाचे, वेगळे पद मंजूर करावे, आणि नोकरी लागल्यावरही त्याची सोबत काही महिने चालू ठेवावी. नोकरी सुटलेल्याची कार्यशाळेतील जागा आणि योजनेचे अनुदान निदान वर्षभर राखून ठेवावे. ज्यांची अक्षमता तीव्र आहे, त्यांच्यापैकी काहींना खुली नोकरी कधीच झेपणार नाही. त्यांच्यासाठी कार्यशाळा राहायलाच हवी, आणि तिथल्या कामाचा मोबदला काय असावा, हा प्रश्नही याच विभागापुढे आहे.