‘काय ते दिवस होते’ म्हणणाऱ्यांसाठी

दर शनिवारी सकाळी कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर तो व्हिडिओ येतोच. जुन्या जाहिरातींची जंत्री. पांढऱ्याशुभ्र फ्रॉकमध्ये गिरकी घेणारी मुलगी, भाजी पारखून घेणाऱ्या ललिताजी, हळदीचं क्रीम, पापड खाणारा ससा... आणि खाली ठरलेल्या प्रतिक्रिया. "काय ते दिवस होते!" "डोळ्यांत पाणी आलं राव." "आता तसलं काही राहिलंच नाही." गंमत म्हणजे हे लिहिणारे निम्मे लोक माझ्याच वयाचे. अरे, ललिताजी टीव्हीवर होत्या तेव्हा आपले आईबाप कॉलेजात होते. तुम्हाला आठवण आली कुठून?

तर मंडळी, आज जरा भांडायचा मूड आहे.

पहिली गोष्ट. त्या जाहिराती लोकांच्या लक्षात राहिल्या त्या फार थोर होत्या म्हणून नव्हे. दुसरं चॅनल नव्हतं म्हणून! दूरदर्शनवर जाहिराती सुरू झाल्या १ जानेवारी १९७६ ला, आणि त्यानंतर पंधराएक वर्षं बहुतेक घरांत बघायला ते एकच दुकान होतं. रिमोट नाही, उठून खटका फिरवला तरी पलीकडे मुंग्या. अशा गिऱ्हाइकाला कुठलीही जिंगल तीनशे वेळा ऐकवली तर ती पाठ होणारच. पाढे पण पाठ आहेत की आपल्याला, म्हणून कोणी पाढ्यांसाठी डोळे पुसत नाही. आणि 'तेव्हाचा निरागसपणा' वगैरे म्हणाल तर रंग उजळवणारी क्रीमंही तेव्हाचीच आहेत. १९७५ साली बाजारात आलेल्या अशा एका क्रीमच्या नावातला गोरेपणा जायला २०२० उजाडलं. असो.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. ह्या ज्या 'आपल्या' जाहिराती आपण फिरवतो, त्यात आपलं किती? बहुतेक हिंदीत, सगळ्या देशासाठी म्हणून मुंबईतल्या मोठ्या एजन्सीत बनलेल्या. सशाचा अपवाद करू, कारण तो रामदास पाध्यांच्या हातातला आणि पापड गिरगावातल्या बायकांनी १९५९ साली सुरू केलेला. पण एरवी ज्याला आपण मराठी टीव्हीच्या आठवणी म्हणतो ते निम्मं हिंदी टीव्हीचं स्मरणरंजन असतं. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. तिथे बातम्या द्यायला स्मिता पाटील बसायची, 'गजरा' होता, 'आमची माती आमची माणसं' होतं, प्रभावळकर आणि बाळ कर्व्यांचं 'चिमणराव' होतं. मग १५ ऑगस्ट १९८२ ला दिल्लीचा राष्ट्रीय कार्यक्रम आला आणि रात्रीचा चांगला वेळ तिकडे गेला. मराठीला स्वतंत्र चॅनल मिळायला १९९४ उजाडलं, 'सह्याद्री' हे नाव मिळायला २०००. तोपर्यंत आल्फा मराठी आलं होतं आणि ई-टीव्ही मराठी दारात उभं होतं.

पण माझ्या पिढीचा खरा स्थानिक टीव्ही ह्यातला कुठलाच नाही. तो होता केबलवाल्याचा.

आमच्या सांगलीत (आणि तुमच्या नगरात, लातुरात, अकोल्यातही असणारच) केबलवाल्याचं स्वतःचं एक चॅनल असायचं. त्यावर दुपारी कुठला तरी सिनेमा, त्याच्या परवान्याबद्दल आपण बोलायला नको :-), आणि खाली सरकणारी पट्टी. जुन्या स्टँडसमोरच्या साडीच्या दुकानाचा सेल. एमएस-सीआयटीची नवी बॅच. द्राक्षावरची औषधं. डीएडचे प्रवेश सुरू. पाइपलाइन फुटल्यामुळे उद्या अमुक भागात पाणी नाही. अमुक रंगाचा शर्ट घातलेला मुलगा हरवला आहे. मध्येच अर्ध्या मिनिटाची फिरती जाहिरात, जी लग्नाचं शूटिंग करणाऱ्यानेच काढलेली असायची, त्यामुळे सराफाच्या दुकानातले हार आणि नवरीचे हार एकाच गुलाबपाकळ्यांच्या मिक्सिंगमधून उमलायचे. आवाज दुकानमालकाच्या मेव्हण्याचा. भाषा आमची, हेल आमचा. आत्ताच्या जाहिरातींत जी हिंदीत विचार करून मराठीत ओतलेली भाषा असते, ती नव्हे.

आणि २००५ चा पूर. लाईट जाईपर्यंत त्या पट्टीवर एकच गोष्ट फिरत होती, आयर्विन पुलाजवळ पाणी किती फुटांवर आहे. अख्खं गाव तो आकडा बघून सामान माळ्यावर चढवत होतं. कुठल्या राष्ट्रीय चॅनलला त्या एका आकड्याशी घेणंदेणं असणार होतं?

ह्यातलं काय उरलंय? माझ्या शोधात तरी काही नाही. आमच्या जुन्या केबलवाल्याला गेल्या दिवाळीत विचारलं. म्हणाला, एकावर एक रेकॉर्ड करत गेलो, आणि जी चार खोकी होती ती २०१९ च्या पाण्यात गेली. २०१२ पासून टप्प्याटप्प्याने सेट-टॉप बॉक्स सक्तीचे झाले आणि असली बरीच चॅनलं तशीही मिटली.

केबलवाल्याला दोष देण्यात अर्थ नाही, मोठ्यांनी तरी काय केलंय? टेप महाग, म्हणून पुसून पुन्हा वापरायची, हे दूरदर्शनमध्ये झालं तसं बीबीसीतही झालं. पण पुढचं बघा. पुस्तक छापलं की प्रकाशकाने ठरलेल्या ग्रंथालयांना प्रत द्यायची असा कायदा आपल्याकडे १९५४ पासून आहे. सिनेमासाठी पुण्यात १९६४ पासून फिल्म अर्काइव्ह आहे. टीव्हीसाठी? चॅनलांना सरकारी अट आहे ती प्रक्षेपणाचं रेकॉर्डिंग ९० दिवस ठेवण्याची. नव्वद! तेही इतिहास म्हणून नाही, तक्रार आली तर पुरावा म्हणून. क्लायंटच्या ज्या लॉग फायली जन्मात कोणी उघडणार नाही त्या आम्ही ऑफिसात सात-सात वर्षं सांभाळतो, आणि एका भाषेच्या टीव्हीला तीन महिने. फ्रान्सने १९९२ साली कायदा करून टीव्ही आणि रेडिओ पुस्तकांसारखेच जमा करायला लावले. म्हणजे हे अशक्य नाही.

"अहो पण सह्याद्रीने यूट्यूबवर जुनं टाकलंय की." टाकलंय, आणि चांगलं टाकलंय, बघत जा. पण तिथे असतो तो कार्यक्रम. कार्यक्रमाच्या मूळ टेपवर जाहिराती नसतातच, त्या प्रक्षेपणाच्या वेळी मध्ये घातल्या जातात. निवेदिकेने थेट केलेली घोषणा नसते, 'व्यत्यय'ची पाटी नसते. थोडक्यात, ज्या गोष्टींसाठी तुमचे डोळे पाणावतात नेमक्या त्याच सरकारी कपाटात नाहीत. त्या असल्याच तर एकाच ठिकाणी, कोणीतरी घरी व्हीसीआर लावून केलेल्या रेकॉर्डिंगमध्ये.

आता कोणी म्हणेल, साडीच्या सेलची पट्टी जपून काय करायचंय? माझं म्हणणं उलटं आहे. 'चिमणराव'बद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत, चि. वि. जोशींची पुस्तकं आजही मिळतात. २००३ साली तालुक्याच्या गावात मुलांना कुठल्या कोर्सची स्वप्नं दाखवली जात होती, सोनं काय भावाने होतं, 'जुना स्टँड' नेमका कुठे होता, हे कुठल्या पुस्तकात सापडणार? जाहिरात खोटं बोलते हे मान्य. पण गिऱ्हाइकाला काय हवंय हे ओळखूनच ती खोटं बोलते.

आणि हे काम सामान्य माणसं करू शकतात ह्याचा पुरावा आहे. 'डॉक्टर हू'चे बीबीसीने पुसलेले भाग आवाजापुरते तरी सगळे शिल्लक आहेत, कारण पोरांनी घरच्या टेपरेकॉर्डरवर ते टेप केले होते. फिलाडेल्फियातल्या मॅरियन स्टोक्स नावाच्या बाईने १९७९ पासून २०१२ मध्ये मरेपर्यंत टीव्ही रेकॉर्ड केला, जाहिरातींसकट. सुमारे ७०,००० कॅसेट. घरच्यांना काय वाटलं असेल देव जाणे! आज तो साठा इंटरनेट अर्काइव्हकडे आहे.

आपल्याला एवढं वेड लागायची गरज नाही. घरोघरी माळ्यावर लग्ना-मुंजीच्या कॅसेट आहेत, आणि जपानच्या फुनाईने २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणं थांबवल्यापासून ते वाजवणारी यंत्रं कमीच होत चालली आहेत. आपल्या दमट हवेत टेपला बुरशी लागते ती वेगळी. पुण्या-मुंबईत कॅसेट डिजिटल करून देणारे आहेत, किंवा एक जुना व्हीसीआर आणि कॅप्चर कार्ड मिळवा, एका वीकेंडचं काम आहे. तासाभराच्या फाइलला फार तर दोन जीबी लागतात, तेवढं तर तुम्ही 'काय ते दिवस होते'चे व्हिडिओ डाऊनलोड करण्यात घालवता.

फक्त एक करा. डिजिटल करणाऱ्याला "लग्न संपलं की थांबव" असं सांगू नका. वाया जाऊ नये म्हणून उरलेल्या टेपवर काका-मामांनी बऱ्याचदा टीव्हीच रेकॉर्ड केलेला असतो. शेवटची ती वीस मिनिटं मला हवी आहेत. पट्टी दिसत असेल तर आधी मला कळवा.