आठवणीतून काय गळलं?

केशवसुत मूळ मालगुंडचे. नोकरीसाठी खानदेशात, फैजपूरला राहिले. ‘नैर्ऋत्येकडील वाऱ्यास’मध्ये त्यांनी कोकणातलं बालपण आठवलं. शहाद्यात ही कविता शिकवताना ‘बालपणाची ओढ’ हे गाईडमधलं उत्तर मी मुलांना लिहू देत नाही. ते खोटं नाही, आळशी आहे. अशी कविता लहानपणाची कमी, आठवणाऱ्या प्रौढाची जास्त असते. तो आज कुठे उभा आहे, हे आधी विचारावं.

मालगुंड जागेवर आहे, तिथे केशवसुतांचं स्मारकही झालं. आपल्या अक्कलकुवा तालुक्यातल्या मणिबेलीची घरं-शेतं मात्र सरदार सरोवराच्या पाण्यात गेली. तळोद्याकडच्या पुनर्वसन वसाहतीतली एक विद्यार्थिनी म्हणाली, “सर, बाबा गावाचं सांगतात तेव्हा नर्मदेतले मासे, मोहाची फुलं सांगतात. तापाने गेलेल्या आत्याचं नावही काढत नाहीत.”

बाबांच्या आठवणीतून काय गळलं, हे तिने हेरलं. रसग्रहण म्हणतात ते हेच! (गाईडवाल्यांना हे कोण सांगणार?)

दहावीच्या कृतिपत्रिकेत ठरलेले मुद्दे असतात: कवी, विषय, कविता आवडण्याचं कारण. त्यात ‘या आठवणीतून काय गळलं?’ हाही प्रश्न घाला. उत्तरं एकसारखी येणार नाहीत, तपासायला वेळ लागेल. लागू दे.